पोरांच्या मशीनवर काय काय उघडतं

सांगलीत शंभर फुटी रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, स्कॉलरशिपचे फॉर्म, लाइट बिल, सगळं चालतं. पूर्वी सायबर कॅफे होता. घरोघरी मोबाइल आले तशा केबिन मोडून काढल्या, पण दाराजवळचं एक मशीन तसंच ठेवलं. ते पोरांचं. जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, आणि स्क्रीन मुद्दाम काउंटरकडं तोंड करून, म्हणजे काय चाललंय ते मला फॉर्म भरता भरता दिसतं. आसपास शाळा आहेत. शाळा सुटली की प्रोजेक्टची चित्रं काढायला पोरं येतात, आणि आईचं काम होईपर्यंत धाकटी त्या मशीनला चिकटतात.

या आयाच विचारतात, "दादा, मोबाइल सोडतच नाही हो हा, काहीतरी चांगलं बघायचं सांगा की." दर वेळी चिठ्ठीवर नावं लिहून देत होतो, आता एकदा सविस्तरच लिहितो.

आधी माझी चाळणी सांगतो, कारण ती दुकानदाराची आहे, शिक्षकाची नाही. साइट उघडल्या उघडल्या मोबाइल नंबर मागितला की बंद. ओटीपी आला की पोरगं आईचा फोन मागणार, आईचा फोन हातात आला की संपलंच. दुसरं, जाहिराती नकोत. तिसरं, माझ्या या म्हाताऱ्या मशीनवर चाललं पाहिजे, कारण गावाकडच्या घरांत आणि शाळांत असलीच मशीन असतात. आणि चौथं जरा सांगायला अवघड आहे. पुस्तकातलाच प्रश्न फुग्यावर लिहायचा, बरोबर उत्तर दिलं की फुगा फोडायचा आणि टाळ्या वाजवायच्या, असल्या साइट ढिगानं आहेत. पोरं तिथं उत्तर शोधत नाहीत, चार पर्याय पटापटा दाबून फुगा फोडतात. मला अशी साइट लागते जिथं पोरानं स्वतः काही केल्याशिवाय पडद्यावर काही घडत नाही, आणि चुकलं तर का चुकलं ते तिथंच दिसतं.

या चाळणीत सगळ्यात वर राहिली ती 'फेट'. शोधताना पी, एच, ई, टी ही इंग्रजी अक्षरं टाका. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ही साइट. कार्ल वीमन म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांना २००१ साली नोबेल मिळालं आणि २००२ साली त्यांनी हे काम सुरू केलं. विज्ञान आणि गणिताचे प्रयोग पडद्यावर करायचे. खाली भाषांची यादी आहे, तीत मराठी आहे, आणि बरेच प्रयोग मराठीत उघडतात. मराठी काही ठिकाणी पाठ्यपुस्तकासारखी ताठ आहे, पण बटणांवरचेच तर शब्द, पोरांचं अडत नाही.

यातला विजेचा जोडणी-संच मी कुणालाही आधी दाखवतो. एका बाजूला वायर, बॅटरी, बल्ब, स्विच ठेवलेले. ओढून आणायचे, टोकाला टोक जुळवायचं. सर्किट पूर्ण झालं की बल्ब पेटतो आणि वायरमधून निळे ठिपके सरकायला लागतात. ते इलेक्ट्रॉन. बॅटरीचे व्होल्ट वाढवले की ठिपके पळतात आणि बल्ब जास्त उजळतो. एवढं झालं की प्रत्येक पोरगं, अगदी प्रत्येक, एकच गोष्ट करतं. बल्ब काढून टाकतं आणि वायरनं बॅटरीची दोन टोकं सरळ जोडतं. ठिपके वेड्यासारखे धावतात आणि बॅटरी पेट घेते.

"काका, पेटली की ओ!"

मग मी काउंटरवरूनच विचारतो, का पेटली? सहावीतल्या एकानं उत्तर दिलं, "बल्ब मध्ये होता तवा ठिपके हळू चालत होते. आता अडवायला कोण नाय." रोध म्हणजे काय ते त्याला कळलं होतं, शब्द तेवढा माहीत नव्हता. हाच प्रयोग खऱ्या वायरीनं करायला कुठली आई परवानगी देईल? याच संचात पेन्सिल, नाणं, खोडरबर, इतकंच काय कुत्रंसुद्धा सर्किटमध्ये जोडून बघता येतं. कुत्र्यातून वीज जाते का यावर माझ्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या माणसांनीही मतं दिलेली आहेत.

फेटचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. प्रत्येक प्रयोगाची फाइल डाउनलोड करून ठेवता येते, मग नेट लागत नाही, ब्राउझरमध्ये तशीच उघडते. पावसाळ्यात आमच्याकडं नेट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा या फाइलींवरच पोरांचं मशीन चालतं. उणं एवढंच की शेजारी कुणीतरी विचारणारं लागतं. एकट्या पोराला सोडलं तर ते पेटवापेटवी करतं आणि कंटाळून उठतं. साइट स्वतःहून 'आता हे करून बघ' असं फारसं सांगत नाही. शिक्षकांसाठी तिथं वेगळ्या सूचना आहेत, त्या आईबापांनी जरूर चाळाव्यात.

दुसरी साइट दिसायला अगदी साधी आहे. अरविंद गुप्ता टॉइज डॉट कॉम. नुसत्या याद्या, छोटे फोटो, कसली सजावट नाही. त्यामुळेच माझ्या मशीनवर ती झटक्यात उघडते. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी केली, ती सोडून टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला लागले. पुढं कित्येक वर्षं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साइटवर खेळण्यांची कृती फोटोंसकट आहे, छोटे व्हिडिओ आहेत, आणि पुस्तकांचा तर खजिना आहे, मराठी पुस्तकांची यादीच खाली सरकता सरकत नाही. सगळं फुकट.

इथं पोरगं पडद्यासमोर थोडाच वेळ बसतं. कृती बघतं, प्रिंट मारतं आणि सामान गोळा करायला पळतं. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांनी त्रिकोण, चौकोन, घरं बांधायची, ही त्यांची सगळ्यात गाजलेली कल्पना. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन दाबला की कलंडतो. चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी काडी बसवली की तोही गप उभा राहतो. पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत, म्हणजे छपराखालच्या सांगाड्यांत, एवढे त्रिकोण का असतात, हे पोराला मग सांगावं लागत नाही, ते स्वतःच शेड बघायला लागतं.

आमच्याकडं गाजली ती मोटर. एक साधा दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचे दोन रबर, एक चुंबक आणि इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, लावलेली तांब्याची तार. सेलच्या दोन टोकांना पिना रबरानं घट्ट बसवायच्या, तारेचं वेटोळं करून त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत ठेवायची, खाली चुंबक. सांगलीत तार मिळायला अडचण नाही, शेतीपंपाच्या मोटरी भरून देणारी दुकानं आहेत, तुकडा मागितला तर देतात. चुंबक जळक्या स्पीकरचा चालतो. खरी मेख तार खरवडण्यात आहे. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं मात्र एक अंग तसंच ठेवायचं. सातवीतल्या एका मुलीनं दोन्ही टोकं लखलखीत घासून आणली होती आणि वेटोळं नुसतं थरथरत होतं, फिरत नव्हतं. कारण वेटोळं अर्धं फिरलं की चुंबकाचा जोर उलट्या बाजूनं बसतो आणि ते मागं येतं. त्या अर्ध्या फेरीत करंट तोडला तर वेटोळं आपल्याच वेगानं पुढं जातं. उरलेलं इनॅमल तेवढंच काम करतं. तिनं माझ्याकडून मार्कर घेतला, एका टोकाची एक बाजू रंगवली, आणि फिरलं की ते गरागरा! हे साइटवर लिहिलेलं नव्हतं, मार्करची युक्ती तिची. काउंटरवर फॉर्म भरायला आलेला एक वायरमन कौतुकानं बघत उभा राहिला होता. एक मात्र दर वेळी बजावून सांगतो, सेल म्हणजे सेल. घरातल्या प्लगात तारेचं टोकही न्यायचं नाही.

तक्रार करायची तर जुन्या पुस्तकांच्या फाइली स्कॅन केलेल्या आणि जड आहेत, मोबाइल डेटावर उघडू नका. आणि शोधायची सोय बेताची आहे, नाव माहीत असेल तर बरं.

आता स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली काढलेलं. प्रोग्रॅमिंग शिकायचं, पण टाइप करायचं नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. 'दहा पावलं चाल', 'काठाला लागलास तर वळ', असं सांगत एक मांजर पडद्यावर फिरवायचं. आठ वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी. कोडिंगच्या नावाखाली हजारो रुपयांचे क्लास विकणारे यातलंच बरंचसं शिकवतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी आठ दिवस पोराला हे देऊन बघा. अकाउंट न काढता वापरता येतं. मी तर डेस्कटॉपवर उतरवूनच ठेवलंय, म्हणजे नेटवर अनोळखी माणसांच्या प्रतिक्रिया वगैरे भानगडच नाही.

सांगलीत पावसाळा लागला की लहान पोरंसुद्धा 'पाणी किती फुटाला गेलं' एवढंच बोलतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे इथं पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना आकडा विसरता येत नाही. तर आठवीतल्या एकानं स्क्रॅचमध्ये कृष्णेचा पूर केला. पूल स्वतः काढला, कमानीसकट. 'पाणी' नावाचा एक आकडा ठेवला, देवनागरीत नाव दिलं तरी चालतं. वरचा बाण दाबला की पाणी एक फूट वाढणार. ४० झालं की पिवळं, ४५ च्या वर गेलं की भोंगा. आणि तो भोंगा जो अडकला तो अडकलाच, सुरुवातीचा 'भों' परत परत, पुढं जाईचना. दुकानातली सगळी माणसं वैतागली.

मी पण ठोकळे बघितले. त्यानं 'सतत' या ठोकळ्याच्या पोटात 'पाणी ४५ पेक्षा जास्त असेल तर भोंगा वाजव' असं घातलं होतं. मशीन बिचारं सांगितलेलं करत होतं. सेकंदाला कितीतरी वेळा तपासत होतं, दर वेळी पाणी जास्तच, दर वेळी भोंगा पहिल्यापासून सुरू. त्यानं दोन दिवस डोकं लावलं. मग 'सतत' काढून 'पाणी ४५ च्या वर जाईपर्यंत थांब' असा ठोकळा लावला, त्याखाली भोंगा, एकदाच. वाजला आणि गप झाला. लगेच त्याचा पुढचा प्रश्न, "पण काका, पाणी उतरून परत चढलं तर?" हा प्रश्न पोराला पडला की क्लासची फी वसूल, आणि इथं फी नव्हती.

स्क्रॅचचं एक वाईट आहे. तिथं दुसऱ्यांनी केलेले गेम खेळत बसायची सोय आहे आणि आळशी पोरं तेवढंच करतात, करतोय काय तर म्हणे कोडिंग. साइटऐवजी उतरवलेलं स्क्रॅच वापरलं की हा प्रश्न मिटतो. आणि माझ्या मशीनवर मोठा प्रोजेक्ट अडखळतो, पण त्याला स्क्रॅच काय करणार.

बुद्धिबळाबद्दल सांगलीकराला नवीन काय सांगायचं? भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या गावाला हा खेळ लावला. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ही नावं याच मातीतली. तेव्हा पोराला पटावर बसवायचं असेल तर आधी मंडळात न्या, समोर माणूस असल्याशिवाय हा खेळ अंगात येत नाही. सरावाला मात्र लीचेस. फ्रान्समधल्या थिबो डुप्लेसी यानं २०१० साली सुरू केलेली साइट, देणग्यांवर चालते, एकही जाहिरात नाही, सगळं फुकट. अकाउंट नसलं तरी कोडी सोडवता येतात आणि कॉम्प्युटरशी खेळता येतं, त्याच्या आठ पायऱ्या आहेत, पहिल्या पायरीवर तो लहान पोराकडूनही हरतो. नवख्यांसाठी सोंगट्या शिकायचा भाग आहे, घोड्यानं उड्या मारत चांदण्या गोळा करायच्या. घोड्याची अडीच घरं सांगून जे डोक्यात शिरत नाही ते तिथं पटकन शिरतं. अकाउंट काढलंच तर सेटिंगमध्ये लहान मुलांसाठीचा पर्याय आहे, तो चालू केला की गप्पा, निरोप सगळं बंद होतं. तो आधी चालू करा. आणि एक-एक, तीन-तीन मिनिटांचे डाव खेळू देऊ नका. त्यात विचार नसतो, नुसती बोटं चालतात आणि हरलेलं पोरगं लगेच पुढचा डाव लावतं. आमच्याकडं कोडी हवी तेवढी, डाव मात्र दहा मिनिटांच्या वरचाच, असा नियम आहे.

गूगलची क्रोम म्युझिक लॅब मला आधी लहान पोरांचा टाइमपास वाटायची. २०१६ साली आलेली. चौकोनांवर रंग भरले की सूर वाजतात, रेघ ओढली की तिचा आवाज निघतो. बालवाडीतली पोरं यावर तासभर रमतात आणि बिघडवण्यासारखं काही नाही. मग मिरजेतलं एक पोरगं आलं, इथं मावशीकडं सुट्टीला. घर सतारमेकरांचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आपल्याला पेपरात वाचून माहीत, त्यांच्या घरात भोपळे वाळत असतात. त्यानं तारांचा भाग उघडला. तिथं तारेची लांबी कमी झाली की सूर चढतो, अर्धी तार म्हणजे वरचा सा, हे माउसनं छेडून कळतं. त्यानं एकदोन तारा छेडल्या आणि म्हणाला, "याला जवारी नाय काढलेली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसून असा करतात की तार त्याला हलकेच घासत राहते, आणि तारेखाली एक दोरा सरकवतात. त्यानं तो झणझणीत आवाज येतो. या पोराकडं मोबाइलमध्ये घरच्या तंबोऱ्याची दोन रेकॉर्डिंग होती, एक दोरा घालून, एक काढून. म्युझिक लॅबमध्येच आवाजाचं चित्र काढणारा एक भाग आहे. माइकसमोर शिट्टी मारली की पडद्यावर वर एक रेघ उमटते, जाड आवाज काढला की खाली. त्यानं मोबाइल माइकजवळ धरला. दोरा नसताना खाली थोड्याच रेघा दिसल्या, वर सगळं अंधूक. दोरा असलेलं लावल्यावर एकावर एक रेघांचा जिनाच उभा राहिला, पार वरपर्यंत. तार एकच, छेडणं तेच, आणि कानाला जो फरक नुसता 'गोड' वाटतो तो डोळ्यासमोर दिसत होता. मी झेरॉक्स थांबवून बघत होतो. त्यासाठी माइक मात्र लागतो, साधा दोनशे रुपयांचाही चालतो, आणि ब्राउझर परवानगी विचारतो ती द्यावी लागते.

वाचायच्या साइटांत पहिली स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेली. चित्रांच्या गोष्टी, जगभरच्या भाषांत, मराठीत भरपूर. चार पायऱ्या आहेत, पहिलीत पानावर एखादं वाक्य, चौथीत मोठ्या गोष्टी. माझ्यासारख्याला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे परवाना. गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत, नाव राखून छापायला, वाटायला मोकळीक आहे. पुस्तकांच्या झेरॉक्स मागायला येणाऱ्यांना मला नाही म्हणावं लागतं, इथं बिनधास्त प्रिंट मारतो. पीडीएफ उतरवायची, दोन्ही बाजूंनी छापायची, मधे दुमडून स्टेपल. ब्लॅक अँड व्हाइट घेतली तर गोष्टीचं पुस्तक वडापावच्या भावात पडतं, आणि चित्रं पोरं स्वतः रंगवतात. मराठी मात्र सगळीकडं सारखी नाही. कुणीही भाषांतर करून टाकू शकतं, त्यामुळं काही गोष्टी लोण्यासारख्या आणि काहींत हिंदी वाक्याला मराठी शब्द चिकटवलेले. मोठ्यानं एकदा वाचून मग पोराच्या हातात द्या.

'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत, १९७१ पासूनचे, फुकट. यातली गंमत अशी की पोरांपेक्षा म्हातारीच जास्त रमतात. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला काढायला येतात, सर्व्हर हळू असतो, बसल्या बसल्या काय करणार. एका आजोबांना त्यांच्या पाचवी-सहावीच्या वर्षांतला अंक काढून दिला तर नातवाला शेजारी बसवून त्यांनी अख्खी गोष्ट वाचून दाखवली, दाखला निघाला तरी उठेनात.

मराठी विश्वकोशाची साइट मी प्रोजेक्टवाल्यांसाठी ठेवली आहे. हा कोश सुरू झाला आपल्या शेजारी, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. पहिला खंड १९७६ चा, सगळे मिळून वीस खंड, आणि ते सगळे आता नेटवर. माहिती पक्की, पण भाषा पोरांची नाही. 'हळद' ही नोंद उघडली की सहावीतलं पोरगं दुसऱ्या वाक्यात गळपटतं. मुलांसाठी कुमार विश्वकोश आहे, तो त्यातल्या त्यात सोपा. तरी मी सगळी नोंद छापून देत नाही. एक परिच्छेद छापतो आणि उरलेलं कुणाला तरी विचारून लिही म्हणतो. आईबाप याच्यावर चिडतात, त्यांना रंगीत बारा पानं हवी असतात. पण एका पोराचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. राजापुरी हळद कशी ओळखायची, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती का साठवत असत, हे त्यांनी सांगितलं आणि पोरानं जसंच्या तसं लिहिलं. बाकीच्या वर्गानं एकाच साइटवरून उतरवलेलं होतं, तेच चित्र, त्याच चुका.

खान अकॅडमी बहुतेकांना माहीत असते. सलमान खान हे नाव ऐकून पोरं हसतात, हा वेगळा. २००४ साली लांब राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. आठवीच्या पुढं गणितात अडलेल्यांना चांगली, उदाहरणं सोडवायला लावते आणि अडलं की पायरी पायरीनं सांगते. पण धाकट्यांना ते ऐकत बसणं जमत नाही. दीक्षा सरकारी आहे, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. धड्यापुरती ठीक, सुट्टीत कुणी हौसेनं उघडेल असं नाही.

यूट्यूब मी पोरांच्या मशीनवर बंदच ठेवलंय. चांगलं तिथं खूप आहे, पण एक संपलं की दुसरं आपोआप लागतं आणि तिसऱ्या व्हिडिओला आपण कुठं असतो ते कळत नाही. गणिताच्या खेळांच्या काही साइटांवर खऱ्या बटणाशेजारी तसंच दिसणारं जाहिरातीचं बटण असतं, त्या पण बंद. आणि 'मोफत वर्कशीट' म्हणून नंबर मागणारी ॲप तर अजिबात नकोत. आमच्या एका गिऱ्हाइक ताईंनी असाच नंबर दिला आणि नंतर कितीतरी दिवस रोज दुपारी फोन, तुमच्या मुलाची बुद्धी तपासून देतो, डेमोला बसवा. शेवटी त्यांनी नवऱ्याचा नंबर दिला, मग नवऱ्याला फोन.

घरी लावायचं असेल तर ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीवर या साइटांचे बुकमार्क करून ठेवा, पोराला शोधायला लावू नका, शोधताना ते भलतीकडंच पोचतं. मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा, फेट आणि स्क्रॅच छोट्या पडद्यावर बोटानं नीट होत नाहीत. पहिली-दुसरीच्या पोरांना स्टोरीवीव्हर आणि म्युझिक लॅब पुष्कळ झालं. तिसरी ते पाचवी अरविंद गुप्ता आणि लीचेस. सहावीपासून फेट आणि स्क्रॅच. हा माझा अंदाज, तुमचं पोरगं वेगळं असेल तर त्याचं ऐका.

फेटच्या फाइली आणि स्क्रॅच मी पेनड्राइव्हवर भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पेनड्राइव्ह आपला आणा, रिकामा आणा, आणि स्कॉलरशिपच्या शेवटच्या तारखेला आणू नका.